लॅपटॉप तापतोय की खोली? उन्हाळ्यातला फॅन आणि एक साधी वजाबाकी

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. मागून येणारा आमच्या कूलरचा आवाज तेवढा यात नाही, बाकी सगळं तेच आहे.

मे महिना लागला की एकाच जातीचे व्हॉइस नोट यायला लागतात. मागे लॅपटॉपचा फॅन विमानासारखा घोंघावत असतो आणि त्याच्यावर आवाज चढवून कोणीतरी विचारतं, "दादा, हा इतका काहून तापतो? कूलिंग पॅड घेऊ का? की नवाच घ्यावा लागते?" पुण्या-बंगलोरच्या यूट्यूबवाल्यांनी यावर शेकडो व्हिडिओ केलेत. पण ते एसीच्या खोलीत बसून बोलतात. आपण गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत बसलोय, बाहेर नवतपा आहे, पारा ४४-४५ वर आहे आणि डोक्यावर टीन आहे. इथे लॅपटॉप तापण्याचं गणित थोडं वेगळं मांडावं लागतं.

सुरुवात एका आकड्यापासून करू. ॲपल आपल्या मॅकबुकबद्दल सांगते की ते १० ते ३५ अंश तापमानात वापरा. बऱ्याच विंडोज लॅपटॉपच्या माहितीपत्रकातही वरची मर्यादा ३५ किंवा ४० अंश अशीच लिहिलेली सापडेल. म्हणजे दुपारी तीन वाजता आपली खोली ही कंपनीने कागदावर लिहिलेल्या हद्दीच्या बाहेर असते. लॅपटॉप लगेच बंद पडतो असं नाही. पण त्याच्याकडे जी ऐसपैस जागा असायला हवी, ती आपण आधीच खाऊन टाकलेली असते.

ही जागा म्हणजे काय ते बघा. आत प्रोसेसरची चिप असते. ती जेवढी वीज खाते, तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. चिपच्या डोक्यावर थर्मल पेस्टचा पातळ थर, त्यावर तांब्याची पट्टी, पट्टीला जोडलेली चपटी तांब्याची नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला पातळ पत्र्यांची जाळी आणि त्या जाळीतून हवा ढकलणारा फॅन. या साखळीतली एक कडी जरी ढिली झाली तरी तक्रार एकच येते: "फॅन खूप आवाज करतो." आणि बिचाऱ्या फॅनवर आळ येतो.

त्या तांब्याच्या नळीला हीट पाइप म्हणतात, आणि मला या सगळ्यात तीच सगळ्यात भारी वाटते. ती भरीव नसते. आत अगदी थोडं पाणी असतं आणि हवा जवळपास काढून टाकलेली असते. दाब कमी असल्यामुळे ते पाणी शंभर अंशाची वाट न बघता कमी तापमानालाच उकळतं. चिपच्या बाजूला वाफ होते, वाफ थंड टोकाकडे पळते, तिथे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या अस्तरातून, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं, परत चिपकडे येते. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ मध्ये अशी नळी करून दाखवली आणि तिथून ती अंतराळयानांत गेली. आज ती तुमच्या मांडीवर आहे. आपल्याला ही कल्पना नवीन नाही म्हणा. माठातलं पाणी गार होतं ते याच युक्तीनं: पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. फरक एवढाच की माठाचं पाणी उडून जातं, हीट पाइपचं आतल्या आत फिरत राहतं.

आता फॅन. लॅपटॉपचा फॅन छताच्या पंख्यासारखा नसतो. तो राइस मिलमध्ये तूस उडवणाऱ्या ब्लोअरचा नातू आहे. शंखासारखं गोल घर, मधून हवा आत ओढायची आणि कडेच्या तोंडातून जोरात फेकायची. गोंदियात ज्यानं मिलीतला तो ब्लोअर बघितलाय त्याला हे वेगळं समजवायची गरज नाही. जोरात काम करताना हा छोटा पंखा मिनिटाला चार-पाच हजार फेरे सहज घेतो.

आणि इथे मुद्दा येतो. फॅन हवा थंड करत नाही. तो खोलीतली हवा घेतो आणि जाळीतून पुढे ढकलतो. खोलीत ४२ अंश असेल तर जाळीवर ४२ अंशाचीच हवा जाणार. आपल्याला पंख्याखाली बरं वाटतं कारण आपल्याला घाम येतो आणि तो वाळतो. लॅपटॉपला घाम येत नाही. म्हणून छताचा पंखा पाचवर केला तरी लॅपटॉप खोलीपेक्षा थंड होणं शक्यच नाही.

म्हणून चिपचं तापमान असं वाचायचं: खोलीचं तापमान अधिक वरची वाढ. समजा एका कामाला चिप खोलीपेक्षा ५० अंशांनी वर जाते. २४ अंशाच्या एसी खोलीत ती ७४ ला असेल. तेच काम, तोच लॅपटॉप, आपल्या ४४ च्या खोलीत ९४ ला. आता इंटेलच्या बहुतेक लॅपटॉप चिपांची कमाल मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते, एएमडीच्या बऱ्याच चिपांची ९५. तिथे पोचायच्या बेतात चिप स्वतःच स्वतःचा वेग कमी करते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तुम्हाला ते दिसतं कसं, तर व्हिडिओ कॉल अडखळतो, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं. त्याच्याही वर गेलं तर लॅपटॉप न विचारता बंद होतो. तो बिघाड नसतो. जळण्यापेक्षा बंद झालेलं बरं, म्हणून ती सोय केलेली आहे.

तर "माझा लॅपटॉप ९२ ला जातो" हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. खोली किती होती ते आधी सांगा. आणि ती वजा करा.

मोजायचं कसं? विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचं तापमान दिसत नाही. एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट ॲप घ्या. लिनक्सवाल्यांनो, तुम्हाला सेन्सर्सची कमांड माहीतच आहे. खोलीसाठी भिंतीवरचा साधा थर्मामीटर आणा. फोनच्या हवामान ॲपवर जाऊ नका, ते बाहेरच्या सावलीतल्या हवेचा आकडा देतं. कवेलूच्या घरात त्यापेक्षा कमी असेल, टिनाच्या खोलीत बरंच जास्त. मग एकच काम दोनदा करायचं: एकदा पहाटे साडेपाचला, एकदा दुपारी तीनला. काम दमवणारं हवं. कोडवाल्यांनी मोठा बिल्ड लावा, बाकीच्यांनी व्हिडिओ एक्स्पोर्ट करा किंवा गेम चालवा. पंधरा मिनिटं थांबा. कमाल आकड्याचा रकाना बघून घाबरू नका, चिप सेकंदभर उडी मारतेच. सरासरी बघा.

पातळ, साध्या लॅपटॉपला सतत काम देऊन वाढ ४० ते ५५ च्या मध्ये येत असेल तर मी त्याला धडधाकट समजतो. गेमिंगचा असेल तर याहून जास्तही चालते. हा माझा कामचलाऊ अंदाज आहे, कंपनीचा नियम नाही. पण पहाटे २८ च्या खोलीतसुद्धा वाढ ६५ येत असेल तर खोलीला दोष देऊ नका. आत काहीतरी अडलंय.

आमच्या गल्लीतल्या एका बीसीएच्या मुलीचं असंच झालं. कॅम्पस प्लेसमेंटची ऑनलाइन टेस्ट दुपारची, आणि सरावाच्या टेस्टमध्ये विसाव्या मिनिटाला लॅपटॉप बंद. तीन दुपारी सलग. एका दुकानात दाखवला, तर मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं, साडेआठ हजार. घरात तेवढे पैसे उन्हाळी धान विकल्यावरच येणार होते, आणि टेस्ट आठ दिवसांवर. मी म्हटलं, आधी मोजू. पहाटे खोली २९, चिप सरासरी ९४. वाढ ६५. म्हणजे खोलीचा यात फार हात नाही. दुसरीकडे, नुसतं वर्ड उघडून ठेवलं तर लॅपटॉप तासन् तास चालत होता, चिप साठीत. मदरबोर्ड किंवा पॉवरचा भाग गेला असता तर तो असा थंड असतानाही केव्हाही बंद पडला असता. तापल्यावरच पडतो आणि थंड झाल्यावर मुकाट चालू होतो, ही उष्णतेची खूण. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "कर्नल-पॉवर ४१" अशी नोंद सापडते, पण ती एवढंच सांगते की मशीन अचानक बंद झालं. का, ते सांगत नाही. त्या नोंदीवरून कोणी मदरबोर्डचं निदान करत असेल तर मान डोलवू नका.

खालचं झाकण उघडलं. फॅनच्या पात्यांवर धूळ होती, ती फारशी नाही. खरी गंमत फॅन आणि जाळीच्या मध्ये होती. तिथे गोधडीच्या तुकड्यासारखा राखाडी थर बसला होता. कपड्यांचे तंतू, केस, आणि मध्ये मध्ये तुसाचे बारीक सोनेरी कण. फॅन पूर्ण जोरात फिरत होता, पण त्याच्या तोंडाला फडकं बांधलेलं. हा थर बाहेरून दिसत नाही, म्हणून लोक फॅन पुसतात आणि म्हणतात साफ केला.

आपल्या भागात हा थर लवकर बसतो, हे मी खात्रीनं म्हणेन. उन्हाळी धानाची कापणी आणि मळणी मे महिन्यातच येते. म्हणजे हवेत सगळ्यात जास्त धूळ आणि पारा सगळ्यात वर, दोन्ही एकाच वेळी. वर आपण दारं-खिडक्या उघड्या ठेवतो. त्यामुळे "दोन वर्षांतून एकदा साफ करा" हा सल्ला इथे लागू नाही. वर्षातून एकदा, एप्रिलच्या सुरुवातीला, असं मी धरतो.

साफ करताना तीन-चार गोष्टी सांभाळा. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, आणि झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन काढायची. वॉरंटी चालू असेल तर उघडण्याआधी कंपनीला विचारा. हवा मारताना फॅनचं पातं टूथपिकनं धरून ठेवा. हवेनं तो भन्नाट फिरला की मजा वाटते, पण बेअरिंगची वाट लागते. कॅमेरा साफ करायचा रबरी ब्लोअर आणि मऊ ब्रश पुरतो. पंक्चरवाल्याकडे नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारू नका बाप्पा! त्या हवेत पाणी असतं, तेलाचा अंश असतो, आणि तो दाब ट्रॅक्टरच्या टायरसाठी आहे. बाहेरूनच जाळीत हवा मारली तर तो थर सुटून परत फॅनमध्ये जातो, तेव्हा उघडून चिमट्यानं काढलेला बरा. आणि हे करायला हात कापत असतील तर दुकानात द्या, फक्त "सर्व्हिसिंग करा" असं मोघम न सांगता "फॅन आणि हीटसिंकच्या मधला थर काढा, पेस्ट बदला" असं म्हणा. समोर बसून करून घ्या.

पेस्ट म्हणजे चिप आणि तांबं यांच्यातल्या सूक्ष्म फटी भरणारा मलम. तापून-गार होऊन तीन-चार-पाच वर्षांत ती वाळते किंवा कडेला सरकते. जुनी पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनधाग्याचं कापड घ्या. नवी वाटाण्याएवढी पुरते. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात, त्या क्रमानं थोडं थोडं आवळायचं. टूथपेस्ट लावा असं सांगणारे व्हिडिओ आहेत. ती दोन दिवसांत वाळून खडू होते. लिक्विड मेटल नावाचा प्रकारही विकत मिळतो. त्याच्या नादी नवशिक्यांनी लागू नये. ते वीज वाहून नेतं, एक थेंब भलतीकडे गेला की शॉर्ट, आणि ॲल्युमिनियमला तर ते खातंच.

त्या मुलीच्या लॅपटॉपचं पुढे काय झालं? दुसऱ्या दुपारी खोली ४१, चिप ८४. वाढ ४३. टेस्ट त्याच लॅपटॉपवर झाली. फॅनची घरघर मात्र गेली नाही, कारण बेअरिंग आधीच झिजलं होतं. पुढच्या महिन्यात फॅन बदलला.

आवाजावरून बरंच कळतं, ते इथेच सांगून टाकतो. नुसता हवेचा जोरदार "सूं" आवाज म्हणजे फॅन ठणठणीत आहे, त्याला काम जास्त पडतंय. घरघर, खरखर, किंवा लॅपटॉप तिरपा केल्यावर बदलणारा आवाज म्हणजे बेअरिंग. आवाजच नाही आणि लॅपटॉप भाजतोय, म्हणजे फॅन मेला किंवा त्याची वायर निघाली. काही लॅपटॉप हे चालू होतानाच सांगतात. एचपीवर ९०बी हा कोड दिसतो, थिंकपॅडवर फॅन एररचा संदेश येतो. झिजलेल्या बेअरिंगमध्ये शिलाई मशीनचं तेल टाकून दोन आठवडे शांतता मिळते, मग पुन्हा तेच, आणि तेलावर धूळ चिकटते ती वेगळी. नवा फॅन घेताना लॅपटॉपच्या मॉडेलवर विसंबू नका, जुन्या फॅनच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर जुळवा. दोन फॅन असतील तर डावा-उजवा वेगळा असतो.

आता ज्यांची वजाबाकी बरोबर येते, म्हणजे लॅपटॉप ठीक आणि खोलीच तापलेली, त्यांच्यासाठी. पहिली गोष्ट फुकट आहे. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबा आणि टास्क मॅनेजरमध्ये कोण सीपीयू खातंय ते बघा. ब्राउझरचा एखादा विसरलेला टॅब किंवा अँटिव्हायरसचा स्कॅन सापडतोच. दुसरी गोष्ट, विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरचं कमाल प्रमाण १०० ऐवजी ९९ टक्के करा. एका टक्क्यानं काय होणार असं वाटेल, पण त्यानं टर्बो बूस्ट बंद होतो आणि तापमान एकदम खाली येतं. अभ्यास, ब्राउझिंग, कॉल यांत फरक जाणवत नाही. काही नव्या लॅपटॉपांत हा पर्याय लपवलेला असतो, तिथे पॉवर मोड सगळ्यात बचतीचा ठेवा.

मग हवेची वाट मोकळी करा. हवा आत जायच्या फटी बहुतेक लॅपटॉपांना खालच्या बाजूला असतात. गादीवर, उशीवर ठेवला की त्या बुजतात. मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची दोन झाकणं ठेवा, झालं. कूलिंग पॅड घ्यायच्या आधी हे करून मोजा. पॅड वाईट नाही, पण तोही खोलीचीच हवा ढकलतो. झाकणांनी तीन अंश उतरले आणि पॅडनं चार, तर बाराशे रुपये एका अंशासाठी द्यायचे का ते तुमचं तुम्ही ठरवा.

कूलर मात्र खरंच उपयोगी आहे, कारण तो हवाच थंड करतो. पुन्हा तीच माठाची युक्ती. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत चांगला कूलर ४४ ची हवा तिशीच्या आसपास आणू शकतो, आणि खोली जेवढी उतरेल जवळपास तेवढीच चिप उतरते. फक्त लॅपटॉप थेट झोताच्या तोंडाशी ठेवू नका. उडणाऱ्या थेंबांत आपल्या बोअरचे क्षार असतात, ते सर्किटवर पांढरे डाग सोडतात. झोताच्या बाजूला, पाच-सहा फुटांवर, खिडकी थोडी उघडी. पावसाळा लागला की हवा आधीच दमट, मग कूलर निव्वळ ओल वाढवतो. ओला कपडा, बर्फाची पिशवी, फ्रिजमध्ये पाच मिनिटं, यातलं काहीही करू नका. बाहेर थंड झालं की आत दव धरतं.

जड काम पहाटे करा, हेही मी मनापासून सांगतो. आपल्याकडे उन्हाळ्यात शाळा सकाळच्या भरतात, तसेच बिल्ड आणि व्हिडिओ एक्स्पोर्ट पहाटेचे.

शेवटी बॅटरी, कारण इथे खेळ नाही. चिप तापली तर वेग कमी करते. बॅटरी तापत राहिली तर तिचं आयुष्य कमी होतं आणि कधी ती फुगते. टचपॅड वर आल्यासारखा वाटला, झाकण नीट बसेना, टेबलावर ठेवल्यावर लॅपटॉप डुगडुगायला लागला, तर त्याच क्षणी चार्जर काढा आणि वापर थांबवा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका. लॅपटॉप सतत चार्जरवर असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावा, उन्हाळ्यापुरती तरी. स्लीपमध्ये टाकून बॅगेत कोंबू नका. आजकालचे लॅपटॉप स्लीपमध्येही मधून मधून जागे होतात आणि बॅगेत त्यांना हवा नसते. पूर्ण बंद करा किंवा हायबरनेट.

तुमचा आकडा काढला की व्हॉइस नोटमध्ये एवढंच सांगा: लॅपटॉपचं मॉडेल, किती वर्षं जुना, पहाटेची खोली आणि चिप, दुपारची खोली आणि चिप, आणि छत कशाचं आहे. फॅनचा आवाज ऐकवायचा असेल तर फोन लॅपटॉपच्या खाली धरून दहा सेकंद रेकॉर्ड करा, आणि तेवढा वेळ कूलर बंद ठेवा.